केवड्याची भूक

परतीचा पाऊस रेंगाळला होता त्या आठवड्यात मी निफाड तालुक्यातल्या एका स्नेह्यांच्या द्राक्षबागेत गेलो होतो. गोड्या बहाराची छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते. कोवळ्या फुटी वीतभर वाढल्या होत्या आणि पानांच्या बगलेतून हिरवे, मोहरीएवढ्या कळ्यांचे घड डोके वर काढत होते. स्नेह्यांनी एक पान खुडून माझ्या हातात ठेवले. वरच्या बाजूला रुपयाएवढा पिवळसर तेलकट डाग होता. पान उलटे केले, तर नेमक्या त्याच डागाखाली पांढरी लव उगवलेली. "डाऊनी," ते म्हणाले. त्यांचे वडील याच रोगाला केवडा म्हणत. बाजरीवरच्या अशाच रोगामुळे हे नाव आपल्याकडे आधीपासून ओळखीचे होते. एका सुगंधी फुलाचे नाव या रोगाला मिळाले आणि चिकटले.

मग त्यांनी विचारले, "सर, तुम्ही आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलंत. एवढं औषध मारतो आम्ही, तरी हा जगतो. मग हा खातो तरी काय?"

उत्तर मला येत होते. वर्गात ते मी एका ओळीत सांगत असे : केवड्याचा जंतू हा अनिवार्य परजीवी आहे, तो जिवंत पेशींवरच जगतो. परीक्षेत या ओळीला एक गुण मिळायचा. पण बागेत उभे राहून, हातात ते पान धरून ही ओळ म्हणताना मला ती फार अपुरी वाटली. त्याच बागेच्या कडेला स्नेह्यांच्या मुलाने शेडनेटखाली दोन गुंठे लेट्युस लावले होते. मागच्या थंडीत त्यातले काही गड्डे बुडापासून लिबलिबीत होऊन बसले होते. उचलून पाहिले तेव्हा खाली कापसासारखी पांढरी बुरशी होती आणि तिच्यात उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे. तोही बुरशीचाच रोग. पण त्या बुरशीची भूक आणि केवड्याची भूक यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो फरक माणसाला कसा कळत गेला, आणि नाशिकच्या द्राक्षशेतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन तऱ्हेचे जेवणारे

या शोधाची सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या अँटन डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञापासून करावी लागते. बटाट्यावरचा करपा हवेतल्या दोषाने किंवा झाडाच्या आतल्या बिघाडाने होत नाही, तो एका सूक्ष्म जीवामुळे होतो, हे त्याने १८६१ मध्ये सिद्ध केले. केवड्याच्या कुळातले जीव पानाच्या पेशींमध्ये बारीक बोंडांसारखे अवयव घुसवतात. त्यांना हॉस्टोरिया हे नाव डी बारीनेच दिले. मराठीत आपण त्यांना शोषकांगे म्हणतो. शोषकांग पेशीची भिंत ओलांडते, पण आतल्या जीवद्रव्याचा पडदा फाडत नाही. हातमोज्यात बोट जावे तसा तो पडदा शोषकांगाभोवती आत ढकलला जातो. पेशी जिवंत राहते आणि पाहुण्याला वाढत राहते.

लेट्युस कुजवणाऱ्या त्या काळ्या दाण्यांच्या बुरशीचे नाव स्क्लेरोटिनिया. डी बारीने १८८६ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षे आधी, या बुरशीवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. भूक आणि रोग यांचे नाते प्रयोगाने तपासणाऱ्या पहिल्या लेखनांत त्याची गणना व्हायला हवी. त्याने काय केले? या बुरशीचे बीजाणू नुसत्या पाण्यात रुजवून त्याने जिवंत वनस्पतीवर ठेवले. ते रुजले, पण आत शिरू शकले नाहीत. तेच बीजाणू आधी पोषक द्रवात किंवा मेलेल्या वनस्पतिभागावर वाढू दिले, तेव्हा मात्र त्यांचे तंतू जोमदार झाले आणि त्यांनी जिवंत भागावर हल्ला केला. थोडक्यात, ही बुरशी रिकाम्या पोटी लढू शकत नाही. आधी मेलेल्याचे खाऊन ती अंगात बळ आणते आणि मग जिवंताला मारते. लेट्युसचा रोग जमिनीला टेकलेल्या पिकल्या, मरगळलेल्या पानापासून सुरू होतो तो यामुळेच.

डी बारी तिथेच थांबला नाही. कुजलेल्या भागाचा रस काढून त्याने निरोगी भागावर घातला. बुरशी नसतानाही तो भाग विरघळू लागला. रस उकळला, तर ही शक्ती नाहीशी झाली. आज आपण म्हणू की त्या रसात विकरे होती. या बुरशीचे दुसरे हत्यार म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे आम्ल बनवू न शकणारे वाण प्रयोगशाळेत मिळवले, तेव्हा ते रोग करू शकले नाहीत.

तेव्हा एक जेवणारा मारून खातो आणि दुसरा जगवून खातो. पहिल्याला ताटात काय वाढायचे हे सोपे आहे. बटाट्याचा काढा आणि साखर घातलेल्या काचेच्या बशीत तो मजेत वाढतो. दुसऱ्यासाठी मात्र आजवर एकही बशी पुरेशी ठरलेली नाही.

बोर्दोची सडक

आपल्या द्राक्षाला हा दुसरा जेवणारा भेटला तो युरोपच्या वाटेने. मूळचा तो अमेरिकेचा. तिथल्या रानवेलींबरोबर तो हजारो वर्षे राहिला आणि दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतले. युरोपातल्या वेलीला त्याची ओळखच नव्हती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपच्या द्राक्षमळ्यांवर तीन संकटे आली. पहिली भुरी. ती १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये टकर नावाच्या माळ्याच्या नजरेस पडली आणि काही वर्षांत फ्रान्सभर पसरली. तिच्यावर गंधकाची भुकटी उपयोगी पडली. दुसरी फायलोक्सेरा, ही मुळांवरची कीड. तिला तोंड देण्यासाठी अमेरिकेतून खुंटवेली आणल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर तिसरे संकट बोटीतून उतरले. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये केवड्याची नोंद झाली. एका रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगाचे वाहन होतो, ही शेतीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसणारी गोष्ट आहे.

पुढची कथा अनेकांना माहीत असते. १८८२ च्या शरद ऋतूत बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातल्या सां-ज्युलियँ गावातून जात होते. सगळीकडे केवड्याने वेली उघड्याबोडक्या झाल्या होत्या, पण सडकेच्या कडेच्या ओळींवर पाने शाबूत होती आणि त्यांवर निळसर पांढरा थर होता. चौकशी केली, तेव्हा कळले की येणारे-जाणारे द्राक्षे चोरतात म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. फळ विषारी दिसले की कोणी हात लावत नाही. मिलार्देंनी गेयाँ या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली. मोरचुदाने बुरशीचे बीजाणू मरतात, हे प्रेव्होने १८०७ मध्येच गव्हाच्या काणीबाबत दाखवले होते. पण त्या ज्ञानाला शेतापर्यंत पोहोचायला द्राक्षचोरांची मदत लागली.

नाशिकच्या कोणत्याही द्राक्षगावात आजही हे मिश्रण बोर्डो या नावाने घरचे झाले आहे. मोरचूद एका पिंपात आणि चुना दुसऱ्या पिंपात भिजवायचा, मग दोन्ही एकत्र करायचे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, अजून चुना हवा. रसायनशास्त्राचा हा पाठ शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना गिरवला आहे.

पण बोर्डो मिश्रणाने एक नुकसानही केले, ते विचारांचे. केवडा मारायचा कसा, याचे उत्तर इतके लवकर मिळाले, की तो खातो काय, हा प्रश्न मागे पडला. मोरचूद पानावरच्या बीजाणूला मारते. एकदा शोषकांग पेशीत शिरले की ते तिथे पोहोचत नाही. म्हणजे आपण शंभर वर्षे दारावर पहारा दिला, स्वयंपाकघरात डोकावलोच नाही.

ताटात काय वाढायचे?

स्वयंपाकघरात डोकावण्याचे काम प्रयोगशाळांनी केले, आणि ते फार सावकाश झाले. केवड्याचे बीजाणू घेऊन त्यांना साखर, क्षार, जीवनसत्त्वे, यीस्टचा अर्क असे सगळे दिले, तरी ते रुजतात, थोडी नळी काढतात आणि मरतात. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी द्राक्षवेलीच्या ऊती काचेच्या नळीत जिवंत वाढवल्या आणि त्यांच्यावर केवडा वाढवून दाखवला. प्रयोगशाळेत केवडा वाढला खरा, पण ताटात जिवंत द्राक्षच वाढावे लागले. गव्हावरच्या तांबेऱ्याचीही हीच अट आहे असे मानले जात होते. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो कृत्रिम माध्यमावर वाढवण्यात यश आले आणि 'अनिवार्य' या शब्दाबद्दल शंका निर्माण झाली. केवड्याच्या कुळाने मात्र अशी कबुली कधी दिली नाही.

दरम्यान प्रश्न उलट्या बाजूनेही विचारला जात होता. जंतूची स्वतः अन्नघटक बनवण्याची क्षमता आपण काढून घेतली, तर त्याची रोग करण्याची ताकद उरेल का? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात कीट आणि बून यांच्या गटाने १९५० च्या दशकात सफरचंदाच्या खवल्या रोगाच्या बुरशीवर हे काम केले. विशिष्ट अन्नघटक स्वतः बनवू न शकणारे वाण त्यांनी तयार केले आणि ते पानावर टाकले. काही वाणांना पानातून तो घटक आयता मिळाला आणि त्यांनी रोग केला. काहींना मिळाला नाही आणि ते उपाशी राहिले. उपाशी राहिलेल्यांपैकी काहींना तो घटक बाहेरून पानावर पुरवला, तर ते पुन्हा रोग करू लागले. यातून एक गोष्ट स्वच्छ झाली. रोग म्हणजे जंतूचा एकट्याचा गुण नाही. त्याला काय लागते आणि यजमानाच्या पेशीत काय आहे, या दोहोंचा तो हिशोब आहे.

केवड्याच्या हिशोबातल्या काही नोंदी त्याच्या चुलतभावांकडून मिळाल्या. बटाट्याच्या करप्याचे कुळ, म्हणजे फायटोफ्थोरा, काचेत वाढवता येते. त्याला थायमिन हे जीवनसत्त्व बाहेरून लागते, हे १९३८ मध्ये कळले. स्टेरॉल हा पेशीच्या पडद्यांचा घटक तो स्वतः बनवू शकत नाही, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. स्टेरॉल न मिळाल्यास तो कसाबसा वाढतो, पण त्याची पुढची पिढी नीट तयार होत नाही. खरे तर ही सारी मंडळी बुरशी नव्हेतच. वंशावळीने ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळची. दिसतात आणि वागतात बुरशीसारखी, म्हणून आपण त्यांना बुरशी म्हणतो.

स्टेरॉलची ही नोंद नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधे डाऊनीवर चालत नाहीत, हे तो दुकानदाराइतकेच खात्रीने सांगतो. कारण असे की ही औषधे बुरशीचा स्टेरॉल बनवण्याचा कारखाना बंद पाडतात. भुरी खरी बुरशी आहे, तिच्याकडे हा कारखाना आहे. केवड्याकडे तो नाहीच. जो कारखाना नाही तो बंद कसा पडणार? ज्या उणिवेमुळे केवडा परावलंबी आहे, तीच उणीव त्याला या औषधांपासून वाचवते.

लेट्युसलाही स्वतःचा केवडा आहे. त्याचे नाव ब्रेमिया, आणि तो द्राक्षाच्या केवड्याचा जवळचा नातेवाईक. त्याच्यावर ब्रिटनमध्ये झालेल्या कामातून हिशोबाची आणखी एक बाजू उघड झाली. क्रूट आणि जॉन्सन यांनी १९७६ मध्ये दाखवले, की लेट्युसच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला ब्रेमियाचे एकेक जनुक जोडीला आहे. यजमान पाहुण्याला ओळखू शकला, तर तो घुसखोरीची ती पेशीच मारून टाकतो. मारून खाणाऱ्याला ते चालले असते. जगवून खाणाऱ्याच्या तोंडचा घास मात्र जातो. एका पेशीच्या आत्मत्यागाने पान वाचते. पण ब्रेमियाही बदलतो. लेट्युसचा नवा प्रतिकारक वाण आला की काही वर्षांत त्याला चकवणारी नवी जात येते. युरोपात अशा तीसहून अधिक जातींना क्रमांक दिले गेले आहेत.

या हिशोबाची वही २०१० मध्ये उघडली. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन जनुकसंच प्रसिद्ध झाले. एक मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावरच्या केवड्याचा, दुसरा सातूवरच्या भुरीचा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक शेवाळांचा आप्त, दुसरी खरी बुरशी. तरीही दोघांनी स्वतंत्रपणे जवळपास सारखेच सामान फेकून दिले होते. जमिनीतल्या नायट्रेटपासून स्वतःचे नत्र तयार करण्याची यंत्रणा दोघांकडेही नव्हती. केवड्याकडे गंधकाचे क्षार वापरात आणण्याची सोयही नव्हती, तर भुरीकडे थायमिन बनवण्याची. जिवंत पेशीतून तयार अमिनो आम्ले मिळत असताना चूल कशाला पेटवायची? पिढ्यान्पिढ्या न वापरलेली चूल शेवटी मोडून गेली. त्याच वेळी यजमानाला गुंगीत ठेवणारी प्रथिने बनवण्याची जनुके मात्र केवड्यात भरपूर होती. स्वयंपाक विसरलेला हा जीव पाहुणचार उकळण्यात तरबेज झाला आहे.

"हा खातो तरी काय?" या प्रश्नाचे उत्तर असे सव्वाशे वर्षांत तयार झाले. तो वेलीने रांधलेले खातो. वेल जिवंत, हिरवी आणि भरल्या घरची असेल, तरच तो जगतो. त्याची ताकद आणि त्याची लाचारी ही एकच गोष्ट आहे.

न झोपणारी वेल

आता नाशिककडे येऊ. १८८३ चे नाशिक गॅझेटियर निघाले तेव्हाही इथे द्राक्षाचे मळे होते. मिलार्दे बोर्दोत मोरचूद घोळत होते, तेव्हा आपल्याकडे भोकरी, फकडी, साहेबी, हबशी अशा जाती होत्या आणि वेली पांगाऱ्याच्या जिवंत मेढींवर चढवल्या जात. १९१८ मध्ये पुसा इथले सरकारी कवकशास्त्रज्ञ बटलर यांनी भारतातल्या पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात द्राक्षवेलीच्या रोगांनाही जागा आहे. १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षलागवडीला नवे वळण दिले असे मानले जाते. १९६० नंतर थॉम्पसन सीडलेस आली आणि पंचवीस-तीस वर्षांत पांगारा जाऊन लोखंडी मांडव आले, भोकरी जाऊन बिनबियांची द्राक्षे आली. १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' ही सहकारी निर्यात संस्था उभी राहिली आणि निफाड-दिंडोरीची पेटी युरोपात पोहोचली.

हा इतिहास आपण उत्पादनाचा आणि निर्यातीचा म्हणून सांगतो. तो केवड्याच्या बाजूने वाचला, तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट झोपेची. युरोपातली वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते. चार-पाच महिने तिच्यावर हिरवे काही नसते, म्हणून केवड्याला खायलाही काही नसते. तो गळलेल्या पानांत जाड कवचाचे बीजाणू ठेवून थंडी काढतो. वसंतात पुन्हा सुरुवात करायला त्याला वेळ लागतो. तिथले जुने शेतकरी तीन दहांचा नियम सांगतात. तापमान दहा अंश सेल्सिअस, पाऊस दहा मिलिमीटर आणि फूट दहा सेंटिमीटर झाली, की केवड्याची पहिली लागण धरावी. नाशिकला या नियमातले पहिले दहा बहुतेक वर्षभर पूर्ण असतात. आपली वेल झोपतच नाही. आपण तिला एप्रिलमध्ये खरड छाटणी देतो, काड्या तयार करतो आणि ऑक्टोबरच्या आगेमागे गोड्या बहाराची छाटणी देतो. त्याआधी पानगळ करून घेतो आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतो. थोडक्यात, वेलीला आपण चोवीस तास कामावर ठेवले आहे. जून ते सप्टेंबर, म्हणजे भर पावसात, मांडवावर दाट हिरवा पाला असतो. त्या काळात फळ नसते, म्हणून आपले लक्ष थोडे कमी असते. केवड्याला मात्र फळाशी काही देणेघेणे नाही. त्याला पान पुरते.

आणि छाटणीही सगळीकडे एकदम होत नाही. बागलाण आणि कळवणचे शेतकरी लवकरच्या बाजारासाठी भर पावसाळ्यात छाटतात. दिंडोरी-निफाडात छाटण्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत लांबतात. प्रत्येकाचे गणित आपापल्या जागी बरोबर आहे. पण जिल्हा एकच बाग मानला, तर पावसाळ्यापासून थंडीपर्यंत कुठे ना कुठे कोवळी पाने असतातच. वाऱ्यावर जाणाऱ्या बीजाणूला तालुक्याची हद्द कळत नाही.

दुसरी गोष्ट एकाच वेलीची. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही नावे वेगळी असली, तरी या जाती थॉम्पसनमधूनच निवडलेल्या आहेत आणि छाटाने, डोळ्याने वाढवलेल्या आहेत. केवड्याच्या दृष्टीने हजारो एकरांवर एकच घर आहे आणि एकाच किल्लीने सगळी दारे उघडतात. याचा धडा आपल्याला बाजरीने दिला होता. १९६५ मध्ये आलेल्या संकरित बाजरीने उत्पादन वाढवले, पण सुरुवातीचे संकर एकाच मादी वाणावर उभे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केवड्याने ती पिके आडवी केली.

तिसरी गोष्ट नत्राची. केवड्याला नायट्रेट पचवता येत नाही. आपण दिलेले नत्र वेल आधी आपल्या पानात अमिनो आम्लांच्या रूपात रांधते आणि मग ते केवड्याच्या वाट्याला येते. नत्र जास्त झाले की पान मोठे, मऊ आणि रसरशीत होते, मांडव दाट होतो आणि पानावरचे दव उशिरापर्यंत सुकत नाही. काळोखी आलेली बाग पाहून शेजारी कौतुक करतात. त्याच काळोखीत केवड्याची पंगत बसते. देठ-परीक्षणाचा अहवाल हातात घेऊन खताचा हिशोब करणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. ते करतात ते केवळ खताच्या बचतीसाठी नाही, हे त्यांच्याही लक्षात आले आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. 'फयान' वादळ ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आले आणि नाशिकमध्ये अवेळी पाऊस झाला. बागा नेमक्या फुलोऱ्याच्या आसपास होत्या. चिखलात ट्रॅक्टर जाईना, म्हणून फवारणी करता आली नाही. ज्यांना करता आली, त्यांचे औषध पुढच्या सरीने धुऊन नेले. केवड्याच्या बीजाणूला पानाच्या मागच्या रंध्रापर्यंत पोहत जायला पाण्याचा पातळ थर आणि काही तास पुरतात. त्या हंगामात कित्येक बागांत घड मांडवावरच वाळले. वर्षभराचे कर्ज, मजुरी, पोरांच्या शिक्षणाचे पैसे असे सगळे चार-सहा दिवसांच्या ओलीवर अवलंबून असते, हे ज्याने पाहिले त्याला 'अनिवार्य परजीवी' हे शब्द वेगळे ऐकू येतात.

पहारा आणि उपवास

औषधांच्या बाजूने आशा संपलेली नाही, पण ती कमी होत चालली आहे. १९७७ मध्ये मेटालॅक्सिल आले. ते पानाच्या आत शिरून केवड्याला गाठणारे होते. काही वर्षांतच आयर्लंडच्या बटाट्यावर, फ्रान्सच्या द्राक्षावर आणि ब्रिटनच्या लेट्युसवर त्याला न जुमानणारे वाण सापडले. पुढे स्ट्रोबिल्युरिन गट आला. त्याला प्रतिकार करणारा केवडा महाराष्ट्राच्या द्राक्षबागांत असल्याची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मोरचुदाला मात्र दीडशे वर्षांत असा प्रतिकार उभा राहिलेला नाही. कारण ते एका जागी नव्हे, तर अनेक जागी घाव घालते. पण तेही फुकट नाही. तांबे मातीत साठत जाते.

म्हणून मला वाटते, की पहाऱ्याच्या जोडीला उपवासाचा विचार करायला हवा. जगवून खाणाऱ्याला मारता येत नसेल, तर त्याला उपाशी ठेवता येते. छाटणीनंतर खाली पडलेली पाने गोळा करून बागेबाहेर नेणे, पावसाळ्यातला मांडव विरळ ठेवणे, दाट फुटी वेळेवर काढणे, नत्राला लगाम घालणे आणि एका शिवारातल्या छाटण्या शक्यतो जवळजवळच्या तारखांना करणे, हे सगळे उपाय शेतकऱ्यांना ऐकून माहीत आहेत. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बागायतदार संघाचे चर्चासत्र यांतून ते सांगितले जातात. पण त्यांच्यामागे एकच सूत्र आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. केवड्याच्या ताटातले जिवंत, हिरवे, रांधलेले अन्न काही काळ तरी काढून घ्यायचे, हे ते सूत्र. शेवटचा उपाय मात्र एकट्याने होत नाही. तो गावाने करायचा आहे, आणि बाजार मात्र लवकर येणाऱ्यालाच चार पैसे जास्त देतो. अडचण खरी तिथे आहे.

दुसरी वाट वंशाची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'कटावबा' या अमेरिकी वंशाच्या जातीचा 'ब्युटी सीडलेस'शी संकर करून एआरआय-५१६ ही रसासाठीची जात काढली. तिला बुरशीजन्य रोगांचा त्रास कमी होतो. ज्या भूमीतून केवडा आला, तिथल्याच वेलीकडे त्याला ओळखण्याची स्मृती आहे. खाण्याच्या द्राक्षात ही स्मृती चवीसकट उतरवणे अवघड आहे. आणि लेट्युसच्या इतिहासाने बजावले आहे, की एकाच जनुकावर विसंबलेला पहारा फार टिकत नाही.

त्या सकाळी बागेत मी स्नेह्यांना एवढे सगळे सांगू शकलो नाही. मी इतकेच म्हणालो, "तुम्ही वेलीला जे घालता, तेच तो खातो. पण वेलीनं रांधून दिल्यावर."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हातातले पान त्यांनी नेहमीसारखे सरीत टाकले नाही. खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढून तिच्यात घातले आणि ओळीने पुढची डागाळलेली पाने खुडत चालू लागले. मीही दुसऱ्या बाजूने ओळ धरली. दुपारपर्यंत आमच्या चार ओळी झाल्या. बाग तीन एकरांची होती, आणि पश्चिमेकडे पुन्हा आभाळ भरून येत होते.